बेल्टचा आवाज आला म्हणून बेल्टच बदलायचा का? टेन्शनर पुलीच्या एका कामाचा पूर्ण हिशोब



गॅरेज टाकायचं ठरवलेली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा पहिले प्रश्न ठरलेले असतात. सर, लिफ्ट कुठली घेऊ? स्कॅनर घेऊ का? जागा हायवेला बघू की गावात? प्रश्न चुकीचे नाहीत. पण पहिल्या वर्षात गॅरेजवाल्याचं कंबरडं मोडतं ते बहुतेक वेळा एकाच गोष्टीने. केलेलं काम परत येतं. तीच गाडी, तीच तक्रार, आठ दिवसांनी पुन्हा दारात. या आठवड्याच्या व्हिडिओत आपण टेन्शनर पुली बदलताना दाखवली. त्या कामामागची गोष्ट आणि रुपयांचा हिशोब व्हिडिओत बसला नाही, तो इथे सविस्तर लिहितोय.

आपल्या बॅचचा एक मुलगा आहे. आयटीआय झाला, पाच वर्षं दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये काम केलं आणि साताऱ्यात स्वतःचं छोटं गॅरेज टाकलं. तिसऱ्याच महिन्यात त्याच्याकडे एक गुरुजी २०१२ ची डिझेल डिझायर घेऊन आले. सकाळी गाडी चालू केली की पुढून चूं-चूं आवाज येतो, गाडी गरम झाली की थांबतो. पोराने बॉनेट उघडलं, बेल्ट बघितला. जुना होता, चकाकत होता. "फॅन बेल्ट गेलाय सर, बदलून टाकतो." बदलला. आवाज बंद. गुरुजी खूश, पोरगा खूश. अर्ध्या तासाचं काम, रोख पैसे.

आठ दिवसांनी गुरुजी घरच्यांना घेऊन पुण्याहून परत येत होते. खंबाटकीचा चढ लागला, फटकन आवाज झाला आणि डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला. एसीची हवा गरम यायला लागली. गुरुजींनी शहाणपणा केला, "साताऱ्यापर्यंत रेटू" म्हणाले नाहीत. गाडी कडेला घेऊन लगेच बंद केली. नवा कोरा बेल्ट पुलीवरून उतरून खाली लोंबत होता, त्याच्या चिंध्या झाल्या होत्या. फोन आला: "काय रे, आठ दिवसांपूर्वीच बेल्ट बदलला की तू!"

गाडी टोइंग करून आणली तेव्हा खरं कारण सापडलं. बेल्ट ताणून धरणारी जी पुली असते, तिचं बेअरिंग संपलेलं. पुली हाताने हलवली तर डुगडुगत होती. जुना बेल्ट घसरत होता तो याच पुलीमुळे. नव्या बेल्टने आठ दिवस आवाज झाकला, एवढंच.

आता जरा इंजिनात डोकावू. गॅरेज टाकायचं नसेल तरी वाचा, तुमच्याही गाडीला लागू आहे.

जुन्या मारुती ८०० मध्ये साधा व्ही आकाराचा बेल्ट असायचा. तो सैल पडला की अल्टरनेटरचा बोल्ट ढिला करायचा, टॉमीने अल्टरनेटर मागे ओढायचा आणि बोल्ट आवळायचा. ताण माणूस ठरवायचा. नंतरच्या बऱ्याच गाड्यांत आडव्या रुंदीचा, आतून उभ्या रेषा असलेला एकच लांब बेल्ट आला. तो सापासारखा वळणं घेत तीन-चार पुल्यांवरून फिरतो. त्याचा ताण सांभाळायला स्प्रिंगवर चालणारा एक हात आणि त्या हाताच्या टोकाला एक पुली असते. हाच टेन्शनर. बेल्ट थोडा झिजला, लांबला, एसी चालू झाल्यावर झटका बसला, तरी हा हात मागेपुढे होऊन ताण सारखा ठेवतो. पुली स्वतः काहीच चालवत नाही. नुसती फिरते. पण इंजिन चालू असेपर्यंत ती सतत फिरते, आणि तिचा व्यास मुख्य पुलीपेक्षा लहान असल्यामुळे इंजिनपेक्षा जास्त वेगाने फिरते. आत एक सीलबंद बॉल बेअरिंग असतं. त्यातलं ग्रीस वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकतं, सील फाटलं की धूळ-पाणी आत जातं, आणि मग गोळ्या खरखरायला लागतात.

गुरुजींच्या डिझायरमध्ये १.३ लिटरचं डिझेल इंजिन आहे, १२४८ सीसी. मूळ डिझाईन फियाटचं, मल्टीजेट नावाचं. मारुतीने ते स्विफ्ट, डिझायर, रिट्झला डीडीआयएस नावाने दिलं. टाटाच्या व्हिस्टा-मांझाला तेच क्वाड्राजेट नावाने होतं, आणि फियाटच्या पुंटो-लिनियालाही तेच. आपल्या पुण्याजवळ रांजणगावलाही ते बनायचं. इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत बसलं की लोक त्याला देशाचं 'नॅशनल इंजिन' म्हणायला लागले. या इंजिनाचं टायमिंग चेनवर आहे, त्यामुळे बाहेरचा बेल्ट तुटला म्हणून व्हॉल्व्ह आणि पिस्टन आदळत नाहीत. पण अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि वॉटर पंप याच बाहेरच्या बेल्टवर चालतात. बेल्ट उतरला की चार्जिंग बंद आणि पाणी फिरणंही बंद. पाणी फिरलं नाही की इंजिन तापतं, आणि घाटात चढावर तर बघता बघता तापतं. हेड गॅस्केट उडाली, हेड वाकडं झालं, तर काही हजारांचा खड्डा. गुरुजींनी 'बॅटरीचा तर दिवा आहे, जाऊ घरी' असा विचार केला असता, तर आपल्या पोराच्या गॅरेजची गोष्ट तिसऱ्या महिन्यातच संपली असती.

मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या. म्हणजे रस्त्यावर असलेली प्रत्येक डिझेल स्विफ्ट-डिझायर आता वॉरंटीबाहेरची आहे, आणि मालक शोरूमऐवजी जवळच्या गॅरेजकडे वळतोय. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, मग तपासणी करून ५ वर्षांसाठी वाढवून घेता येते. २०१०-१२ च्या गाड्या नेमक्या त्या टप्प्यावर आहेत. ज्यांना गाडी आणखी पाच वर्षं वापरायची आहे ते खर्च करायला तयार असतात. पण दोनदा नाही.

तर आवाज आला की काय करायचं?

आधी ऐकायचं. थंड इंजिनवर चिमणीसारखी चिवचिव येत असेल तर बेल्ट आणि पुल्यांची रेषा जुळत नसण्याची शक्यता जास्त. एसी लावला, हेडलाइट लावले की किंचाळी वाढते, तर बेल्ट घसरतोय. आणि खालून घरघर, दळण दळल्यासारखा आवाज येत असेल तर संशय बेअरिंगवर. एक साधी युक्ती आहे: इंजिन चालू ठेवून स्प्रेच्या बाटलीने साधं पाणी बेल्टच्या रेषांच्या बाजूवर थोडंसं मारा. आवाज क्षणभर गेला तर पुल्यांची रेषा तपासा. वाढला तर ताण कमी आहे. हे करताना बाह्या दुमडलेल्या हव्यात, गळ्यात ओढणी-मफलर नको, आणि हात बेल्टपासून लांब. बेल्टला साबण चोळायचा, कसला तरी स्प्रे मारायचा हा जुना उद्योग मात्र बंद करा. आवाज दोन दिवस जातो, बेल्ट चिकट होतो, आणि ज्या लक्षणावरून रोग कळणार होता तेच लक्षण तुम्ही पुसून टाकता.

दुसरी गोष्ट, बेल्टला तडे नाहीत म्हणजे तो चांगला आहे असं समजू नका. आजकालचे बेल्ट ज्या रबराचे असतात त्यांना जुन्या बेल्टसारख्या चिरा सहसा पडत नाहीत. टायरसारखे ते झिजतात. रेषांमधली खाच खोल आणि रुंद होत जाते, मग बेल्ट पुलीच्या तळाला टेकतो आणि घसरतो. खाच मोजायचं छोटं प्लास्टिकचं गेज मिळतं, ते खिशात असू द्या. ग्राहकासमोर गेज लावून दाखवलं की वाद उरत नाही.

आता मुख्य तपासणी. इंजिन थंड, किल्ली तुमच्या खिशात, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. उजवं पुढचं चाक काढा, गाडी जॅकवर नाही तर स्टँडवर ठेवा, आतलं प्लास्टिकचं कव्हर सोडवा. बेल्ट काढायच्या आधी त्याच्या वाटेचा मोबाईलवर फोटो घ्या. हसू नका. बेल्ट हातात आल्यावर 'कुठून कसा गेला होता' म्हणून अर्धा तास घालवलेले अनुभवी मिस्त्री मी पाहिलेत. तोच बेल्ट परत बसवणार असाल तर फिरण्याच्या दिशेने खडूने बाण काढा. मग टेन्शनरला पाना लावून स्प्रिंगच्या विरुद्ध फिरवायचा, बेल्ट एका पुलीवरून सरकवायचा, आणि हात हळूच मागे सोडायचा. खटकन सोडला तर बोटं जातात, टेन्शनरही खराब होतो. काही टेन्शनरला पिन घालून अडकवायचं भोक असतं, असेल तर वापरा.

बेल्ट निघाला की एकेक पुली हाताने फिरवा. चांगली पुली गप्प आणि थोडी जड फिरते, सोडली की लवकर थांबते, कारण आत ग्रीस शाबूत आहे. खराब पुली दोन प्रकारची. एक खरखरते, वाळू भरल्यासारखी. दुसरी फसवी असते: भिंगरीसारखी मस्त गरगर फिरत राहते. नव्या पोरांना वाटतं ही एकदम फ्री आहे, म्हणजे चांगली आहे. प्रत्यक्षात तिच्यातलं ग्रीस संपलंय. आपल्या पोरानेही पहिल्या वेळी बेल्ट बदलताना ही पुली सहज फिरवून बघितली होती. "मोकळी फिरत होती सर," असं त्याने मला सांगितलं. तिथेच चूक झाली.

फिरवून झालं की पुली दोन्ही बाजूंनी धरून हलवा. जरा जरी प्ले लागला तरी ती गेली. मग टेन्शनरचा हात पान्याने पूर्ण मागेपुढे करून बघा. अडखळत असेल किंवा मुळातच डुलत असेल तर आतलं बुश गेलंय. पुली तिरकी दिसते, बेल्ट कडेला पळतो, कडेचे धागे सुटतात, आजूबाजूला काळी भुकटी पडते. आणि त्याच वेळी अल्टरनेटर, वॉटर पंप, एसीची पुली हेही फिरवून घ्या. वॉटर पंपाखाली पाण्याचे डाग, बेल्टवर ऑइल, हे दिसतंय का? ऑइल गळत असेल तर नवा बेल्ट आणि नवी पुली दोन्ही वाया जाणार. काही डिझेल गाड्यांत अल्टरनेटरची पुली एकाच दिशेने पकडणारी, सायकलच्या फ्रीव्हीलसारखी असते. ती जाम झाली की टेन्शनरला सतत धक्के बसतात आणि नवा टेन्शनरही लवकर जातो.

इतकं बघायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. या वीस मिनिटांचे पैसे घ्यायला आपली मुलं लाजतात, त्यावर पुढे बोलू.

नुसती पुली बदलायची की पूर्ण टेन्शनर? हात घट्ट आहे, स्प्रिंगमध्ये दम आहे, आणि त्या मॉडेलची पुली सुटी मिळते, तर पुली पुरे. गाडीचं वय दहा-बारा वर्षांपलीकडे आणि हाताला प्ले असेल तर पूर्ण असेंब्ली घाला. तिसरा मार्ग आपल्याकडे सर्रास चालतो: जुन्या पुलीतून बेअरिंग ठोकून काढायचं आणि बाजारातलं नवं बसवायचं. अनेक पुल्यांत ६२०३ नंबरचं बेअरिंग असतं, १७ मिलिमीटर भोक, ४० बाहेरचा व्यास, १२ जाडी. कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. लोखंडी पुली असेल, प्रेसवर नीट बसवलं असेल, तर चालूही शकतं. पण प्लास्टिकच्या पुलीत हा प्रयोग माझ्या मते करू नये. ठोकताना पुलीला बारीक तडा जातो, दिसत नाही, आणि घाटात दिसतो. शिवाय बिलावर काय लिहिणार? वॉरंटी कशाची देणार?

नवा पार्ट हातात आला की जुन्याशेजारी ठेवून बघा. व्यास, रुंदी, बोल्टचं भोक, बेअरिंग मधोमध आहे की एका बाजूला. दोन मिलिमीटरचा फरकही बेल्ट कडेला ढकलतो. खोक्यावर नाव एक आणि बेअरिंगवर काहीच कोरलेलं नाही, असं असेल तर परत करा. पार्ट नेहमी बिलावर घ्या. पुलीचा बोल्ट काही गाड्यांत उलट्या आट्यांचा असतो. सुटत नाही म्हणून पाइप लावून जोर करायच्या आधी आटे कुठल्या बाजूचे आहेत ते बघा. बसवताना बोल्ट आधी हाताने फिरवा, मग टॉर्क पान्याने त्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याएवढाच आवळा. पुलीचं धुळीचं झाकण परत लावायला विसरू नका, ते शोभेचं नाही.

बेल्ट चढवल्यावर प्रत्येक पुलीवर बोट फिरवून रेषा खाचेत बसल्या का ते तपासा. खालच्या पुलीवर एक रेष बाहेर राहणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. तिथे डोळा पोचत नाही, आरसा वापरा. मग मुख्य पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. बेल्ट सरकत नसेल तर बॅटरी जोडा, गाडी चालू करा, एसी आणि लाइट लावा, टेन्शनरच्या हाताकडे बघा. किंचित थरथर ठीक आहे. उड्या मारत असेल तर काम संपलेलं नाही.

एक इशारा देऊन ठेवतो. हे सगळं बाहेरच्या बेल्टचं. जुन्या सँट्रो किंवा मारुती ८०० मध्ये आत टायमिंग बेल्ट असतो आणि त्यालाही टेन्शनर असतो. ते काम वेगळं आहे, मार्क जुळवून करायचं आहे. नाव सारखं म्हणून या लेखाच्या भरवशावर त्याला हात घालू नका.

आता रुपये. आकडे त्या पोराच्या वहीतले आहेत, तुमच्या गावाचे भाव तुम्ही घाला. पहिल्या वेळी बेल्ट ८०० ला घेतला, ९०० लावला, मजुरी ४००. बिल १,३००, हातात राहिले ५००. दुसऱ्या वेळी टोइंगचे २,५०० त्याने स्वतः भरले, पुन्हा ८०० चा बेल्ट स्वतःच्या खिशातून. टेन्शनर असेंब्ली त्याने गुरुजींना खरेदीच्या भावात दिली, मजुरी शून्य. म्हणजे ३,३०० गेले, आधीचे ५०० वजा केले तर तोटा २,८००. अशी ५०० सुटणारी सहा कामं केली तेव्हा तो भरून निघाला. त्यात अर्धा दिवस गाडी लिफ्टवर अडकली होती आणि दोन गिऱ्हाईकं बाहेरून बघून गेली, ते वहीत लिहिता येत नाही.

टोइंग त्याने भरायला हवं होतं का? आमची यावर बरीच चर्चा झाली. त्याच्या एका मित्राचं म्हणणं, पुली बदललीच नव्हती तर जबाबदारी कसली? माझं मत वेगळं आहे. गुरुजी बेल्ट मागायला आले नव्हते. आवाज घेऊन आले होते. आवाजाचं कारण शोधायचं काम त्याने स्वीकारलं, मग चुकीचा खर्च त्याचा. पण त्याच न्यायाने, कारण शोधण्याचे पैसे मागायचा हक्कही त्याचा आहे. डॉक्टर तपासणी फी घेतो, गोळ्या दिल्या नाहीत तरी घेतो.

म्हणून आता त्याच्या गॅरेजमध्ये पद्धत अशी. गाडी आली की आधी सांगायचं: "तपासणीचे २०० रुपये. काम आपल्याकडे केलंत तर बिलातून वजा." पुली फिरवतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ, आवाजासकट, ग्राहकाच्या व्हॉट्सॲपवर. खरखर ऐकली की समजावून सांगावं लागत नाही. मग दोन भाव एकदम: फक्त बेल्टचा इतका, बेल्ट आणि टेन्शनर मिळून इतका. ग्राहक म्हणाला "आत्ता बेल्टच घाला, पुढच्या महिन्यात बघू," तर चालेल, त्याची गाडी आहे. फक्त जॉब कार्डवर एक ओळ लिहून सही घ्यायची: "टेन्शनर पुलीच्या बेअरिंगमध्ये आवाज व प्ले आहे, बदलण्यास सांगितले, ग्राहकाने सध्या नको म्हटले." तारीख आणि किलोमीटर. जुना पार्ट पिशवीत घालून गाडीत ठेवायचा. काम झालं असेल तर मजुरीची तीन महिन्यांची हमी, लेखी.

ही ओळ लिहायला सुरुवात केल्यावर एक गंमत झाली. सही करायची वेळ आली की बरेच जण पेन हातात धरून थांबतात आणि म्हणतात, "जाऊ दे, घालूनच टाक."

गुरुजी परवा पुन्हा आले होते, या वेळी मेहुण्यांची रिट्झ घेऊन. तोच आवाज, तेच इंजिन. पोराने बॉनेट उघडायच्या आधी तपासणीचे २०० सांगितले. गुरुजी म्हणाले, "ते ठीक आहे रे, पण आधी ती पुली हलवून बघ."